‘हे बसवलं कधी?’

परवा आपल्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता, तुम्हीही पाहिला असेल. युद्धनौकेच्या डेकवरचं चौकोनी झाकण उघडतं, धुराचा लोट येतो, क्षेपणास्त्र सरळ वर उसळतं, हवेतच मान वळवतं आणि क्षितिजाकडे निघून जातं. खाली तिरंग्याचे वीस-पंचवीस इमोजी आणि ‘जगात कुणाकडे नाही ते आपल्याकडे’. मग नेहमीचं सुरू झालं. एक गट म्हणाला, सत्तर वर्षं झोपले होते, आता देश जागा झाला. दुसरा म्हणाला, पाया आम्ही घातला, फीत तुम्ही कापताय. रात्री अकरा वाजेपर्यंत चाललं होतं.

आमच्या वाडीतले एक काका आहेत, नौदलातून निवृत्त. ग्रुपवर कधी बोलत नाहीत, फार तर कुणी गेलं की हात जोडतात. त्यांनी त्या सगळ्या गदारोळात तीनच शब्द टाकले. ‘हे बसवलं कधी?’

कुणी उत्तर दिलं नाही. दोन्ही गटांनी काकांना ओलांडून आपलं भांडण पुढे चालू ठेवलं. म्हणून आज ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल तर सोडून द्या, पण अर्धी वाचून कमेंट करू नका एवढी विनंती.

काकांचा प्रश्न साधा नाही. क्षेपणास्त्राची चाचणी झाली ही एक गोष्ट. ते जहाजावर बसलं, त्याचं रडार चाललं, कोठारात पुरेसा साठा भरला, पोरं त्यावर तयार झाली आणि मग जहाज बंदराबाहेर गेलं, ही दुसरी. या दोन गोष्टींमध्ये आपल्याकडे पाच, दहा, पंचवीस वर्षंसुद्धा गेलेली आहेत. आणि तेवढी वर्षं त्या जहाजांवर माणसं होतीच. त्यातली कितीतरी आपल्याच तालुक्यातली, दापोली-खेडातली, मालवण-देवगडातली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शत्रूचं क्षेपणास्त्र बिनढालीच्या जहाजाचं काय करतं हे 1971 साली जगाला दाखवणारे आपण. आणि तीच ढाल स्वतःच्या जहाजांवर चढवायला सगळ्यात जास्त रेंगाळलेलेही आपणच. याला एक पक्ष जबाबदार नाही. दोन्ही बाजूंनी हा विषय एकमेकांना मारायला वापरला, आणि जहाजावरच्या पोराचा विचार कुणीच केला नाही.

आता 1971 वर येतो. 4 डिसेंबरची रात्र. निपात, निर्घात आणि वीर या आपल्या तीन छोट्या मिसाइल बोटी कराचीच्या दिशेने गेल्या, सोबत किल्तान आणि कच्छल ही दोन जहाजं. बोटी रशियन, क्षेपणास्त्रंही रशियन, ‘स्टिक्स’ नावाची. खैबर ही पाकिस्तानी विनाशिका समोर आली. निर्घातने सोडलेलं क्षेपणास्त्र तिच्याकडे येताना तिच्यावरच्या लोकांना आकाशात एक तेजस्वी दिवा दिसला. त्यांना वाटलं विमान आहे. त्यांनी बोफोर्स तोफा चालवल्या. खैबरने शेवटी पाठवलेल्या संदेशातही विमानाचाच हल्ला झाल्याचं म्हटलं होतं. आपल्याला कशाने मारलं हे कळायच्या आत जहाज गेलं आणि दोनशेवर माणसं गेली. मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौकाही त्याच रात्री बुडाली.

आपण दरवर्षी 4 डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो याचाच. 2023 साली तो आपल्या कोकणात, मालवणात झाला, तेव्हा इथून गाड्या भरून लोक गेले होते. अभिमान आहेच, मलाही आहे. पण त्या रात्रीची दुसरी बाजूही वाचायला हवी. खैबर मोठं जहाज होतं, तोफा होत्या, माणसं लढणारी होती. नव्हतं ते एकच, येणारं क्षेपणास्त्र ओळखून ते हवेतच पाडायचं साधन. चार वर्षं आधी, ऑक्टोबर 1967 मध्ये इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका इजिप्तच्या बोटींनी याच स्टिक्सने पोर्ट सैदजवळ बुडवली होती, 47 माणसं मेली होती. म्हणजे धडा तयारच होता. पाकिस्तानने तो घेतला नाही, आपण त्याचा फायदा उठवला. प्रश्न एवढाच की दुसऱ्या दिवशी सकाळी आपण स्वतःच्या जहाजांकडे बघून काय ठरवलं?

थोडं मागे जाऊ, कारण ‘जगात कुणाकडे नाही’वाल्यांना हे ठाऊक नसतं. जहाजावरून विमान पाडायचं क्षेपणास्त्र ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जन्मली, आणि ती भीतीतून जन्मली. सप्टेंबर 1943 मध्ये जर्मनांनी वरून सोडलेल्या, रेडिओने वळवता येणाऱ्या बॉम्बने इटलीची ‘रोमा’ ही अवाढव्य युद्धनौका बुडवली. बाराशेहून जास्त माणसं गेली. बॉम्ब टाकणारं विमान तोफांच्या पल्ल्याच्या वर होतं. पुढच्या वर्षी जपान्यांचे कामिकाझे आले. तिथे आणखी वाईट अडचण, विमानाला गोळ्या लागल्या तरी ते जळत जळत येऊन डेकवर आदळायचंच. जवळ येईपर्यंत थांबून चालणार नाही, लांबच उडवलं पाहिजे. ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन नौदलाचे पाच हजारांच्या आसपास लोक मेले, त्यात मोठा वाटा कामिकाझेंचा होता.

मग अमेरिकेने ‘बंबलबी’ नावाचा प्रकल्प काढला. बंबलबी म्हणजे भुंग्यासारखी जाडी माशी. गणिताने बघितलं तर हिला उडता येऊ नये, तरी उडते, असं म्हणतात म्हणून ते नाव. 1945 ला काम सुरू झालं आणि 1955 ला ‘बॉस्टन’ ही जुनी क्रूझर ‘टेरियर’ क्षेपणास्त्र घेऊन पुन्हा सेवेत आली. दहा वर्षं लागली. मजा म्हणजे टेरियर हे मूळ ध्येयच नव्हतं. मोठ्या ‘टॅलॉस’ची मार्गदर्शन यंत्रणा तपासायला केलेलं चाचणीचं यान बरं उडालं, म्हणून त्याचंच क्षेपणास्त्र करून टाकलं. मोठं तयार होईपर्यंत छोटं तरी लावा, असा व्यवहार.

आणि हे लोक काही देवदूत नव्हते. टेरियर, टॅलॉस, टार्टर ही तिन्ही जहाजांवर बसली खरी, पण 1960 च्या सुमारास बोंब झाली की जहाजावर ती धड चालतच नाहीत. कधी रडार बंद, कधी क्षेपणास्त्र भलतीकडे. त्यांनी काय केलं? लपवलं नाही. सगळं सुधारायचा एक कार्यक्रम काढला, त्याला नावच ‘बरं व्हा’ अशा अर्थाचं दिलं, आणि एली रीच नावाच्या एका अॅडमिरलला त्या सगळ्याचा एकटा जबाबदार केला. पुढचा ‘टायफॉन’ नावाचा महागडा प्रकल्प 1963 मध्ये सरळ बंद केला आणि त्यातून जे उपयोगी होतं ते पुढे नेलं. ब्रिटिशांचं ‘सीस्लग’ही असंच रखडत, महायुद्धाच्या शेवटापासून 1962 पर्यंत. रशियनांनी जमिनीवरचं मोठं क्षेपणास्त्र एका क्रूझरवर चढवून पाहिलं, जमलं नाही, एकाच जहाजावर थांबवलं आणि दुसरं ‘वोल्ना’ काढलं.

म्हणजे अपयश सगळ्यांना आलं. अपयश हा गुन्हा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्रिशूलबद्दल बोलायचंय.

आता आपलं. 1972 साली माझगाव डॉकमधून ‘निलगिरी’ बाहेर पडली, भारतात बांधलेलं पहिलं मोठं फ्रिगेट. आपल्याकडची कितीतरी घरं माझगावच्या पगारावर उभी आहेत, त्या लोकांच्या हातचं जहाज. तिच्यावर विमानवेधी क्षेपणास्त्र होतं ब्रिटिशांचं ‘सीकॅट’. आमचे काका तरुणपणी सीकॅटवरच होते, तिचं वर्णन ते फार छान करतात. एक माणूस दुर्बिणीला डोळे लावून बसायचा, हातात जॉयस्टिक. क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्या शेपटीवरचा जाळ दिसायचा. तो जाळ आणि समोरचं विमान, दोन्ही एका रेषेत ठेवायचं, अंगठ्याने. पल्ला पाचेक किलोमीटर, वेग आवाजापेक्षाही कमी. काका म्हणतात, ‘विमान सरळ आणि सावकाश आलं तर लागायचं रे. पण तसं येणार कोण?’

सीकॅटचा काळ तसाच होता, त्याला नावं ठेवत नाही. 1976 नंतर रशियाकडून तीन छोटी जहाजं आली. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, होसदुर्ग. नावं बघा! त्यांच्यावर ‘ओसा’ क्षेपणास्त्र, डेकखालून डबा उघडून वर येणारं. 1980 मध्ये ‘राजपूत’ आली, तिच्यावर ‘वोल्ना’. 1983 मध्ये माझगावची ‘गोदावरी’, तिच्यावर पुन्हा ओसा. ही सगळी त्या वेळची चांगली साधनं. पण एक मेख होती. ही बनली होती विमानं पाडायला. पाण्याला जवळजवळ चिकटून, लाटांवरून येणारं क्षेपणास्त्र पाडणं हे त्यांच्या मूळ कामात नव्हतंच.

हे पाण्याला चिकटून येणं म्हणजे काय, ते आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. वेळणेश्वरच्या पुळणीवर उभे राहा आणि परतणारी होडी बघा. आधी काय दिसतं? डोलकाठी. मग हळूहळू खालचं अंग. टाळकेश्वरच्या दीपगृहावर गेलात तर तीच होडी कितीतरी आधी दिसते. रडारचंही तसंच आहे. जहाजाच्या डोलाऱ्यावर वीस मीटर उंचीवर रडार असलं आणि क्षेपणास्त्र पाण्यावरून पाच मीटरने येत असलं, तर ते दिसतं साधारण 27 किलोमीटरवर आल्यावर. त्याचा वेग सेकंदाला तीनशे मीटर. हिशोब करा. दीड मिनिट. त्यात ओळखायचं, हुकूम द्यायचा, सोडायचं, पाडायचं. हुकलं तर दुसरं सोडायचं. आपल्याकडे कधीकधी ओटीपी यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि लाटांवरून परत येणारा रडारचा गोंधळ वेगळाच, त्यात ते बारकं क्षेपणास्त्र हरवून जातं.

मे 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांची ‘शेफील्ड’ अशाच एका एक्झोसेटने गेली, वीस जण मेले. तिच्यावर विमानवेधी क्षेपणास्त्र होतं, पण ते सोडायची वेळच आली नाही. जगातल्या सगळ्या नौदलांची त्या दिवशी झोप उडाली.

आपणही जागे झालो, हे मान्य करायला हवं. 1983 मध्ये क्षेपणास्त्रांचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डॉ. कलाम त्याचे प्रमुख. अग्नी, पृथ्वी, आकाश, नाग आणि त्रिशूल. त्यातलं त्रिशूल हे जवळच्या पल्ल्याचं, नऊ किलोमीटरचं, आणि जहाजांसाठी हीच ती ढाल. अग्नी-पृथ्वीचं आपण रोज कौतुक करतो. त्रिशूलचं काय झालं ते शाळेतल्या पोराला विचारा, पोराच्या मास्तरांना विचारा. ठाऊक नसतं.

झालं असं की त्रिशूल चाचण्यांमध्ये उडत राहिलं आणि जहाजावर काही बसेना. एकच क्षेपणास्त्र लष्कराला, हवाई दलाला आणि नौदलाला, तिघांनाही हवं होतं. तिघांच्या गरजा वेगळ्या. वाळवंटात गाडीवरून सोडायचं आणि हलत्या डेकवरून लाटांलगतच्या लक्ष्यावर सोडायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक. शेवटची काही वर्षं तर ते ‘तंत्रज्ञान दाखवायला’ म्हणून चालू ठेवलं होतं. फेब्रुवारी 2008 मध्ये अधिकृतपणे बंद केलं. 1983 ते 2008. पंचवीस वर्षं. एकाही युद्धनौकेवर ते नियमित सेवेत आलं नाही.

आता मघाचं वाक्य आठवा. अपयश हा गुन्हा नाही. त्या शास्त्रज्ञांनी काम केलं, त्यातून शिकलेलं पुढे इतर क्षेपणास्त्रांत वापरलं असेल, मी नाही म्हणत नाही. संशोधनात दहातले सात प्रयोग फसतात, फसू द्यावेत. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. ‘पुढच्या वर्षी येतंय’ असं म्हणत म्हणत जहाजं तशीच बांधली गेली. कोलकात्याच्या गोदीत ‘ब्रह्मपुत्रा’ बांधत होते, आराखड्यात त्रिशूल होतं. एप्रिल 2000 मध्ये जहाज नौदलात आलं, त्रिशूल आलंच नाही. घर बांधलं, दार नंतर येईल म्हणाले, आणि माणसं राहायला पाठवली. आपण आपल्या पोरांना अशा घरात ठेवू का?

अमेरिकेने टॅलॉस तयार होईपर्यंत टेरियर लावलं. आपण काय लावलं?

त्या मधल्या काळात शेजारी काय करत होता तेही बघा. पाकिस्तानकडे हार्पून होती, एक्झोसेट होती. 1996-97 मध्ये अमेरिकेने त्यांना ओरायन विमानं दिली, हार्पून सोडू शकणारी. 1999 मध्ये कारगिल पेटलं तेव्हा आपलं आरमार अरबी समुद्रात उभं होतं. त्या उन्हाळ्यात जहाजांवर जे होते त्यांच्या घरच्यांना टीव्हीवर फक्त द्रास आणि टायगर हिल दिसत होतं. समुद्रात आपली पोरं कुठल्या ढालीमागे उभी आहेत, हे कुणी दाखवलं नाही.

कारगिलनंतर धावपळ झाली. इस्रायलचं ‘बराक’ घ्यायचं ठरलं, ऑक्टोबर 2000 मध्ये करार झाला. सरळ वर उडणारं, दहा-बारा किलोमीटरचं, आणि लाटांवरून येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठीच बनवलेलं. ‘विराट’वर आणि इतर मोठ्या जहाजांवर ते बसलं. तेव्हा संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. तेच जॉर्ज, ज्यांनी रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेचं घोडं पुढे दामटलं, ज्यांच्यामुळे आज गणपतीला चिपळूणला गाडीने उतरता येतं.

आणि मग आला घोटाळा. ऑक्टोबर 2006 मध्ये सीबीआयने बराक खरेदीत गुन्हा नोंदवला. आरोपींत फर्नांडिस, जया जेटली आणि माजी नौदलप्रमुख अॅडमिरल सुशील कुमार. स्वदेशी त्रिशूल असताना परदेशी क्षेपणास्त्र का घेतलं, दलाली कुणी खाल्ली, हा मुद्दा. चौकशी व्हायलाच हवी होती. संरक्षण खरेदीत दलाली असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण डिसेंबर 2013 मध्ये, सात वर्षांनी, सीबीआयने पुरावा मिळत नाही म्हणून प्रकरण बंद करायचा अहवाल दिला. त्या काळात बराकची पुढची खेप, 262 क्षेपणास्त्रांची, फायलींत अडकून राहिली. ती मंजूर व्हायला चौकशी गुंडाळली जाईपर्यंत वाट बघावी लागली. सात वर्षं टीव्हीवर दलाली, दलाली. जहाजाच्या कोठारात किती क्षेपणास्त्रं उरलीत, एकानेही विचारलं नाही. आणि ज्या त्रिशूलची बाजू घेऊन एवढा आरडाओरडा झाला ते त्रिशूल 2008 मध्ये सरकारने स्वतःच बंद केलं. तेव्हा कुणी तोंड उघडलं? नाही. ना या बाजूने, ना त्या.

ग्रुपवरच्या पहिल्या गटाला आता गुदगुल्या होत असतील. थांबा, तुमच्याकडेही येतो.

ऑगस्ट 2014 मध्ये मुंबईत पंतप्रधानांच्या हस्ते ‘कोलकाता’ विनाशिका नौदलात दाखल झाली. माझगावचं जहाज, देखणं, खरंच अभिमान वाटावा असं. भाषणं झाली, बँड वाजला. तिचं मुख्य विमानवेधी क्षेपणास्त्र, इस्रायलसोबत मिळून बनवलेलं ‘बराक-8’, सत्तर किलोमीटर पल्ल्याचं, त्या दिवशी जहाजावर नव्हतं. तयारच नव्हतं. कोलकातावरून त्याची पहिली चाचणी झाली डिसेंबर 2015 च्या शेवटी. म्हणजे सोहळ्यानंतर सोळा महिन्यांनी. प्रकल्प आधीच्या सरकारचा, उशीर आधीच्या सरकारचा, फीत नव्या सरकारची. दोघांनी वाटून घ्या.

त्याच महिन्यात ‘कामोर्टा’ आली, पाणबुड्या शोधणारी नौका. तिच्यामागे 2016 मध्ये ‘कदमत’, 2017 मध्ये ‘किल्तान’, 2020 मध्ये ‘कवरत्ती’. चारही जहाजं दाखल झाली तेव्हा एकावरही विमानवेधी क्षेपणास्त्र नव्हतं. तोफा होत्या, जागा राखून ठेवली होती. किल्तान हे नाव वर वाचल्याचं आठवतंय का? 1971 मध्ये मिसाइल बोटींसोबत कराचीला गेलेल्या किल्तानचंच नाव या नव्या जहाजाला दिलंय. खैबर कशी गेली हे ज्या जहाजाने डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या नावाचं जहाज 46 वर्षांनी खैबरसारख्याच भरवशावर समुद्रात. तोफांच्या. हे मला कुणीतरी समजावून सांगा.

‘पाणबुडीविरोधी नौका आहे, तिला सोबत मोठी जहाजं असतात’ असं उत्तर येईल. ठीक. युद्धात सोबत नेहमी असते का हे काकांना विचारा, ते हसतील.

दुसरं उत्तर येतं, ‘अशा गोष्टी गुप्त असतात, फेसबुकवर बोलू नका.’ यात गुप्त काय आहे? युद्धनौकांच्या बांधणीवर कॅगचा अहवाल 2010-11 मध्येच आला, संसदेत ठेवलेला आहे. संसदेच्या संरक्षण समितीचे अहवाल कुणालाही वाचता येतात. शत्रूला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. गुप्तता उरते ती फक्त मतदारापासून.

तिसरं उत्तर मला खरंच विचार करायला लावतं. ‘परदेशी घेतलं तर परावलंबी होतो, सुटे भाग अडवतात, म्हणून उशीर झाला तरी आपलंच हवं.’ शंभर टक्के आपलंच हवं. ‘अस्त्र’ या विमानावरच्या क्षेपणास्त्राचं जहाजासाठी केलेलं रूप आता आलंय. त्याची पहिली चाचणी फेब्रुवारी 2021 मध्ये झाली, जून 2022 मध्ये जहाजावरूनही झाली. हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर पुण्याच्या दिघीची प्रयोगशाळाही त्यात आहे. बराकच्या जागी हेच बसायचंय. छान आहे, टाळ्या. पण स्वदेशी म्हणजे तारीख नसलेलं, असा अर्थ कधीपासून झाला? आपलं तयार होईपर्यंत मधल्या काळासाठी काय, हा प्रश्न विचारणं देशद्रोह कसा?

एप्रिल 2025 मध्ये ‘सुरत’ विनाशिकेवरून पाण्यालगतचं लक्ष्य पाडल्याचं नौदलाने जाहीर केलं. नवी ‘निलगिरी’ही त्याच वर्षी जानेवारीत आली, बराक-8 घेऊन. सीकॅटच्या जॉयस्टिकपासून इथवर आलो, हे मोठं काम आहे, ज्यांनी केलं त्यांना नमस्कार. म्हणूनच म्हणतो, आता सवय लावून घेऊया. नारळ फोडायच्या आधी ढाल चढलीय का विचारायची. आणि ढाल चढवून भागत नाही हेही बघा. एप्रिल 2022 मध्ये काळ्या समुद्रात रशियाची ‘मॉस्क्वा’ बुडाली. तिच्यावर लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं होती, आपल्या गोदावरीवर होतं ते ओसाही होतं. कागदावर सगळं होतं.

कुणी म्हणेल, वेळणेश्वरात बसून तुला कशाला या उठाठेवी? तर ऐका. 2023 च्या अखेरीपासून हुथींनी तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. त्या महिन्यांत आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत लोक फोन हातात घेऊन बसले होते, कारण घरटी नाही तरी वाडीटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या जहाजावर आहे. मार्च 2024 मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी मेले. उरलेल्या एकवीस जणांना उचलायला कोण गेलं? आपली कोलकाता. तीच, 2014 मध्ये ढालीशिवाय दाखल झालेली. हे सगळं नऊ वर्षं आधी, 2015 च्या मार्चमध्ये घडलं असतं तर? तेव्हाही नौदलाने तिला पाठवलंच असतं, आपली माणसं गेलीही असती, नौदलातली माणसं नाही म्हणत नाहीत. तोच तर त्रास आहे. ती नाही म्हणत नाहीत म्हणून आपण विचारायचं.

तर मी एक करतोय. आपला तालुका रायगड लोकसभा मतदारसंघात येतो. आपल्या खासदारांना पत्र लिहितोय, संसदेत लेखी प्रश्न विचारावा म्हणून. प्रश्न तीनच ठेवलेत. कामोर्टा वर्गाच्या चार नौकांवर विमानवेधी क्षेपणास्त्र कुठल्या तारखेला बसणार किंवा बसलं? नवी स्वदेशी क्षेपणास्त्रं कुठल्या जहाजांवर, कुठल्या वर्षी? आणि यापुढे कुठलीही युद्धनौका मुख्य शस्त्राशिवाय दाखल होणार असेल, तर ते संसदेला आधी सांगणार का? आकडे, पल्ले, गुपितं काही मागितलेली नाहीत.

मसुदा काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, एका ठिकाणी ‘विनाशिका’ऐवजी ‘फ्रिगेट’ हवं म्हणून खूण केली, बाकी काही बोलले नाहीत. सही केली. ग्रुपवरच्या दोन्ही गटांतल्या कुणाला सही करायची असेल तर रविवारी सकाळी देवळाजवळ आहे, दहा ते बारा. पेन मी आणतोय.